शिक्षेचं शिक्षण



नववीतल्या एका मैत्रिणीने पत्रातून मोठा मजेशीर प्रश्न विचारला आहे. ती लिहिते, ‘बाई, माझी मामेबहीण वकिलीच्या कॉलेजात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्याजवळ नुसतं शिक्षेवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या तिप्पट! त्यात एवढं शिकण्यासारखं काय असतं हो? चोरी केली की अमुक वर्षं तुरुंग, खून केला की फाशी. एका पानावर तक्ता मावला असता की!’

प्रश्न छान आहे. असा तक्ता पुष्कळ मोठ्या माणसांच्याही डोक्यात असतो, बरं का! म्हणून आज आपण हा तक्ताच तपासून पाहू या.

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत ‘शिक्षा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उठाबशा येतात. पण हिंदीच्या तासाला हाच शब्द भेटतो तेव्हा त्याचा अर्थ शिक्षण असा असतो. संस्कृतातही ‘शिक्षा’ म्हणजे शिकणं, शिकवणं. शिक्षक, शिक्षण आणि शिक्षा ही एकाच घरातली भावंडं. त्यातलं एक भावंड मराठीत तुरुंगाच्या दारात जाऊन कसं उभं राहिलं, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

आता वकिलीच्या कॉलेजात जाऊ. बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यास केला की एलएल.बी. होता येतं. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ सालचं, पुण्याचं आय.एल.एस. १९२४ सालचं. अशा महाविद्यालयांत गुन्हा कशाला म्हणायचं, पुरावा कसा तपासायचा, खटला कसा चालतो हे शिकवतात. त्याबरोबरच शिक्षा या गोष्टीचाही वेगळा विचार असतो. त्याला दंडशास्त्र म्हणतात.

या अभ्यासातली पहिली गोष्ट समजायला वर्गातलंच उदाहरण घेऊ. मधल्या सुट्टीत कुणाचं तरी कंपासपेटीतलं पेन जातं. लगेच दोघंतिघं धावत येतात, ‘बाई, यानं घेतलं, याला शिक्षा करा!’ पाहा बरं, एका दमात किती वाक्यं झाली? दोन. पहिलं, यानं घेतलं. दुसरं, याला शिक्षा करा. या दोन वाक्यांच्या मागे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत. यानं खरंच घेतलं का? आणि घेतलं असेल, तर आता याचं काय करायचं? पहिल्याचं उत्तर पुराव्यातून मिळतं. दुसऱ्याचं उत्तर पुराव्यातून मिळत नाही, त्यासाठी वेगळी चौकशी लागते. न्यायालय या दोन प्रश्नांच्या मध्ये मुद्दाम थांबतं. आपण मात्र रागाच्या भरात दोन्ही एकदम सोडवून टाकतो.

हे थांबणं किती मोलाचं आहे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात काय झालं ते ऐका. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा उठली होती. पोटासाठी भिक्षा मागत आलेल्या भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावाने त्या संशयावरून ठार मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. जमावाने आरोप, निकाल आणि शिक्षा हे सगळं काही मिनिटांत उरकलं. ती पाच माणसं आता कुठल्याही अपिलाने परत यायची नाहीत. ‘कायदा कशाला, चौकात उभं करून मारा’ असं कुणी म्हणालं की मला हे गाव आठवतं.

बरं, गुन्हा सिद्ध झाला. आता शिक्षा करायची ती कशासाठी? समजा, चेंडू मारून कुणी मुद्दाम ऑफिसची काच फोडली. वर्गाला विचारलं तर पाच उत्तरं येतील. एक म्हणेल, ‘त्यानं नुकसान केलं, त्यालाही सोसायला लागू दे.’ दुसरी म्हणेल, ‘शिक्षा झाली की बाकीचे घाबरतील.’ तिसरा म्हणेल, ‘महिनाभर त्याला मैदानावर येऊच देऊ नका.’ चौथी म्हणेल, ‘त्याला समजावा, पुन्हा करणार नाही.’ आणि पाचवा म्हणेल, ‘काचेचे पैसे भरायला लावा.’ गंमत म्हणजे, कायद्याच्या वर्गातही हीच पाच कारणं शिकवतात! परतफेड, जरब, दूर ठेवणं, सुधारणा आणि भरपाई.

अडचण अशी, की ही पाच कारणं पाच बैलांसारखी पाच दिशांना ओढतात. जरब बसवायची तर एकाला जबर शिक्षा करून दाखवावीशी वाटते. परतफेडीचं माप सांगतं, थांबा, त्याने जेवढं केलं तेवढंच, तिळभर जास्त नको. सुधारणा म्हणते, याला तुरुंगात पाठवून अट्टल चोरांच्या संगतीत ठेवू नका. भरपाई विचारते, हा तुरुंगात गेला तर पैसे कमावून देणार कोण? न्यायाधीशांना या सगळ्यांचं ऐकून निर्णय करावा लागतो.

जरबेबद्दल एक जुनी गोष्ट सांगते. इटलीतल्या मिलान शहरात चेझारे बेक्कारिया नावाचा एक तरुण होता. पंचविशीतच त्याने गुन्हे आणि शिक्षा या विषयावर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते १७६४ साली छापलं गेलं. त्या काळी युरोपात कबुलीसाठी छळ करायचे, भर चौकात देहदंड द्यायचे. बेक्कारियाने विचारलं, माणूस गुन्हा करायला कशाने कचरतो? शिक्षा भयंकर असल्याने, की शिक्षा नक्की होणार या खात्रीने? त्याचं उत्तर होतं, खात्रीने. तुम्हीच आठवा. वर्षातून एकदा खूप रागावणाऱ्या मास्तरांपेक्षा रोज न चुकता वह्या तपासणाऱ्या मास्तरांचा गृहपाठ मुलं जास्त इमानाने करतात!

आपल्याकडेही शिक्षा बदलत गेल्या. इंग्रजांच्या काळात न्यायालय फटक्यांची शिक्षा देऊ शकत असे. ती स्वतंत्र भारताने १९५५ साली कायद्याने रद्द केली. ‘काळं पाणी’ म्हणजे समुद्रापार पाठवण्याची शिक्षाही त्याच साली केलेल्या कायद्याने गेली आणि तिच्या जागी आजन्म कारावास आला. (शाळेतली छडी मात्र बरीच वर्षं टिकली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलांना मारण्यावर साफ बंदी घातली.) १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्यात शिक्षेचे सहा प्रकार आहेत. देहदंड, आजन्म कारावास, कैद (सक्तमजुरीची किंवा साधी), मालमत्ता जप्ती, दंड आणि सहावा अगदी नवा, समाजसेवा. म्हणजे न्यायालयाने सांगितलेलं, समाजाच्या उपयोगाचं काम बिनमोबदला करायचं.

आता आपल्या तक्त्याची परीक्षा घेऊ. तुम्ही न्यायाधीश व्हा! तुमच्यासमोर तीन चोर उभे आहेत. तिघांनीही प्रत्येकी चार हजार रुपयांचा एकेक मोबाइल चोरला आणि तिघांचाही गुन्हा सिद्ध झाला.

पहिला एकोणीस वर्षांचा. यापूर्वी कधीच गुन्हा केलेला नाही. बाजारात कुणाच्या तरी पिशवीतून मोबाइल उचलला आणि पकडल्यावर परत केला.

दुसरा चाळिशीतला. चोरीसाठी याआधी दोनदा शिक्षा भोगून आलेला.

तिसरा मोबाइलच्याच दुकानातला नोकर. मालकाने विश्वासाने कपाटाची किल्ली दिली होती, त्याच कपाटातून त्याने मोबाइल लांबवला.

मनातल्या मनात तिघांना शिक्षा ठरवा. ठरवली? आता कायदा काय म्हणतो ते पाहा.

साध्या चोरीला न्याय संहितेत तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही आहे. पण चोरलेली वस्तू पाच हजार रुपयांहून कमी किमतीची असेल, माणूस पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा द्यायची असते. म्हणजे आपल्या पहिल्या मुलाला तुरुंग नाही. दुसऱ्याला मात्र कमीत कमी एक वर्ष आणि जास्तीत जास्त पाच वर्षं सक्तमजुरी, वर दंड. आणि तिसरा? नोकराने मालकाची चोरी केली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, कारण मोबाइलबरोबर विश्वासही चोरीला गेला.

वस्तू तीच, किंमत तीच, पण शिक्षा तीन तऱ्हांच्या! तक्ता इथेच फाटतो.

अजून एक शब्द तुमच्या नजरेतून सुटला का? ‘पर्यंत’! तीन वर्षांपर्यंत, सात वर्षांपर्यंत. नोकराला सात दिवस द्यायचे, सात महिने की सात वर्षं? कायदा वरची मर्यादा सांगतो आणि कितीतरी कलमांत आतला आकडा न्यायाधीशांवर सोडतो. पत्रातल्या मैत्रिणीच्या मामेबहिणीचं ते जाडजूड पुस्तक या ‘पर्यंत’ नावाच्या एका शब्दामुळेच एवढं जाड झालं आहे.

हा आकडा ठरवायचा कसा? इथे ते मघाचं थांबणं पुन्हा येतं. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने एक महत्त्वाचा नियम घातला. सत्र न्यायालयात आरोपी दोषी ठरला, की शिक्षा सुनावण्याआधी त्याचं शिक्षेबद्दलचं म्हणणं वेगळं ऐकून घ्यायचं. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही हा नियम कायम आहे. १९७६ साली संता सिंग यांच्या खटल्यात खालच्या न्यायालयाने हे न ऐकताच फाशी सुनावली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि सांगितलं, प्रकरण परत न्या, शिक्षेबद्दल त्याला बोलू द्या, मग ठरवा. गुन्हा सिद्ध झालेल्या माणसाचंही ऐकायचं असतं, हे या निकालाने पक्कं केलं.

ऐकायचं म्हणजे काय? त्याचं वय किती? आधी काही गुन्हे आहेत का? तो शिकला किती? घरी कोण आहे? कामधंदा काय? प्रकृती कशी? तो सुधारण्याची शक्यता किती? आणि दुसऱ्या पारड्यात, गुन्हा किती क्रूरपणे केला? ठरवून केला का? दुबळ्या, असहाय माणसावर केला का? विद्यार्थी वर्गात जुने निकाल घेऊन बसतात आणि ही दोन पारडी भरून पाहतात.

आता ‘खून केला की फाशी’ या समजुतीकडे येऊ. खुनाला कायद्यात फाशी किंवा जन्मठेप अशा दोन शिक्षा आहेत. १९८० साली बचन सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद. दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणातच ती द्यायची आणि तेव्हाही गुन्ह्याकडे जसं पाहायचं तसंच गुन्हेगाराकडेही पाहायचं. पाच न्यायमूर्तींपैकी पी. एन. भगवती यांना मात्र फाशीची तरतूदच घटनेविरुद्ध वाटली आणि त्यांनी वेगळं मत नोंदवलं. एवढे मोठे न्यायमूर्तीही सगळे एकमताचे नव्हते!

आणि खरोखरीचा तक्ता आपल्या कायद्यात होता, बरं का! जुन्या दंड संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे जन्मठेप भोगणाऱ्या माणसाने खून केला तर त्याला फाशीच द्यावी लागे. न्यायाधीशांना दुसरा पर्यायच नाही. १९८३ साली मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवलं. त्या घटनापीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड. ते पुण्याचे आणि वर सांगितलेल्या आय.एल.एस.चेच विद्यार्थी. परिस्थिती न पाहता सरसकट जीव घेणारा नियम न्याय्य असू शकत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

हा अभ्यास नुसता पुस्तकात बसून होत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातले विद्यार्थी देशभरच्या तुरुंगांत गेले आणि फाशीची शिक्षा झालेल्या साडेतीनशेहून अधिक कैद्यांशी बोलले. त्यांच्या घरच्यांनाही भेटले. २०१६ साली तो अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं, की दर चार कैद्यांतले जवळजवळ तीन अगदी गरीब घरातले होते. आता विचार करा. ज्याच्याकडे चांगल्या वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्याची बाजू न्यायाधीशांसमोर नीट मांडणार कोण? दुसऱ्या पारड्यात टाकायला माहितीच आली नाही, तर तराजू आपोआप एका बाजूला झुकणार.

तुमच्यातला कुणी आता वैतागला असेल. ‘बाई, तुम्ही चोराचंच सांगता, ज्याची वस्तू गेली त्याचं काय?’ अगदी बरोबर. ज्याचं नुकसान झालं तो खटल्यात बरेचदा विसरलाच जातो. म्हणून वसूल झालेल्या दंडातून त्याला भरपाई द्यायचा हुकूम न्यायालय करू शकतं. २००९ पासून पीडितांसाठी सरकारी भरपाई योजनेचीही तरतूद आहे. गुन्हेगाराची बाजू ऐकताना ज्याला घाव बसला त्याच्याकडे पाठ फिरवायची नसते. उत्तम वकील दोघांकडेही पाहायला शिकतो.

या विषयात एक गाठ अजून सुटलेली नाही. तक्ता नको म्हटलं, तर एकाच प्रकारच्या गुन्ह्याला एक न्यायाधीश सहा महिने देईल आणि दुसरे दोन वर्षं. मग शिक्षा नशिबावर गेली की! इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी २०१० पासून ‘सेन्टेन्सिंग कौन्सिल’ आहे. ती न्यायाधीशांसाठी पायऱ्या आखून देते. नुकसान किती, दोष किती, त्यावरून कुठून सुरुवात करायची, मग कशाने शिक्षा वाढेल, कशाने घटेल. गुन्हा सुरुवातीलाच कबूल केला तर एक तृतीयांशापर्यंत सूट. भारतात २००३ साली न्यायमूर्ती मळिमठ समितीने अशा मार्गदर्शक सूत्रांची शिफारस केली होती, पण अशी परिषद आपल्याकडे झाली नाही. घट्ट नियम केले तर माणूस दिसत नाही, सैल सोडले तर समानता राहत नाही. ही गाठ कदाचित तुमच्यापैकीच कुणी सोडवील.

आणि तुमच्या वयाच्या मुलांचं काय? सात वर्षांच्या आतल्या मुलाचं कोणतंही कृत्य कायद्याने गुन्हा ठरत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर जातं. मंडळ समज देऊन घरी पाठवू शकतं, समुपदेशन किंवा समाजसेवा सांगू शकतं किंवा जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात ठेवू शकतं. सोळा ते अठरा वयातल्या मुलाने अतिशय गंभीर गुन्हा केला, तर तपासणी करून मोठ्यांसारखा खटला चालू शकतो, पण फाशी तेव्हाही नाही. आणखी एक गोष्ट. कायदा अशा मुलाला ‘गुन्हेगार’ म्हणत नाही, ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतो. शब्द जड आहे, पण कपाळावर शिक्का न मारण्यासाठी तो मुद्दाम निवडला आहे.

सुधारणा वगैरे फक्त पुस्तकात असतं, असं वाटत असेल तर सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडे चला. तिथे जवळच स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानाच्या पंतप्रतिनिधींच्या काळात, १९३९ साली, तिथे एक जगावेगळी वसाहत सुरू झाली. गजांच्या कोठड्यांऐवजी शेती दिली आणि कैद्यांना बायकामुलांसह राहू दिलं. पळून जाऊ नये म्हणून काय होतं? त्यांच्यावर टाकलेला विश्वास! याच प्रयोगावरून शांतारामबापूंनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. कथा होती आटपाडी भागातच वाढलेल्या गदिमांची. आजीआजोबांना विचारा, त्यांनी तो नक्की पाहिला असेल.

तेव्हा मैत्रिणी, पुढच्या सुट्टीत मामेबहीण आली की तिचं पुस्तक उघडायला सांग आणि त्यात ‘पर्यंत’ किती वेळा येतं ते दोघी मिळून मोजा.

करून पाहा : या आठवड्यात वर्गात किंवा घरी कुणाची काही आगळीक झाली, तर शिक्षा सुचवण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा. त्याने नेमकं काय केलं, त्याने तसं का केलं आणि ज्याचं नुकसान झालं त्याला काय मिळायला हवं. मग खाली तुमची शिक्षा लिहा. हाच कागद मित्राला देऊन त्याचीही शिक्षा लिहून घ्या. दोन्ही उत्तरं जुळली का? नसतील, तर कुणाचं जास्त बरोबर आणि का, ते मला पत्राने कळवा. वाट पाहते.

तुमची,
बाई